गोंदणाचे चार ठिपके

नायना मागाचा जॉबर. उभा धागा तुटला की
दोन टोकं थुंकी लावून वळायचा, सांधा दाबायचा,
आणि कापड माझ्यापुढं टाकायचा: एक्कड?
कुठं ते सांग. सापडला तर चार आणे.
मी डोळे मिटून बोटं फिरवायची.
दर वेळी सापडायचा.
साखर पेठेतल्या त्या कोंदट शेडमध्ये
माझी वैद्यकीची पहिली परीक्षा झाली,
हे मुलाखतीत कधी सांगितलं नाही.

मग सिव्हिलचा वॉर्ड. दुभंगलेले ओठ,
जुळलेली बोटं, स्टोव्ह, चहा, भुईनळे.
मे महिन्यात पंखा बंद, पट्ट्या ओल्या.
पोरांचं रडणं मला आठवत नाही, खोटं कशाला बोलू,
आयांचे हात आठवतात:
तंबाखूचा वास, नखात विडीचा दोरा.
विचारायच्या एकच. डाग राहील का?
मी म्हणायची, जीव राहिला ना.
बरोबर होतं ते.
उत्तर नव्हतं.

नागमणी चिलका, वय चार. खळीचं उकळतं पातेलं.
हनुवटी छातीला चिकटलेली,
जे बोलायची ते जमिनीशी.
सोडवली. मांडीची कातडी गळ्याला लावली.
दोन वर्षांनी परत. पाच वर्षांनी परत.
कारण व्रण वाढत नाही, पोर वाढतं.
हे वाक्य पुस्तकात असतं, परीक्षेला येतं.
तिसऱ्यांदा टेबलावर झोपली तेव्हा
भूल देणाऱ्या सर्वगोडांना म्हणाली,
'दहापर्यंत मोजू की वीसपर्यंत? आता येतात मला.'

तेव्हापासून रात्री उंदीर.

पोटातल्या चार-पाच महिन्यांच्या गर्भाला चिरलं
तर तो असा भरून येतो, जसं काही झालंच नाही.
मग आपण जन्मतो आणि अंग घाई शिकतं.
भोक दिसलं की सगळे धागे एकाच दिशेनं कोंबतं,
आडवण नाही, वीण नाही, नुसतं बुजवणं.
पहिल्यांदा भिंगाखाली ते पाहिलं
आणि नायनाची शिवी ऐकू आली.

मागाला ताण लागतो. जखमेला तो नको.
पेशींना ओढ कळते, त्या घाबरतात, दोरखंड वळत सुटतात.
मला त्यांना थोडं बहिरं करायचं होतं,
एवढंच माझं संशोधन.
अकरा वर्षं. अनुदान दोनदा नाकारलं.
एका उन्हाळ्यात भारनियमनात फ्रीज बंद पडला
आणि चौदा महिने नासले, दुधासारखे.

मागच्या फेब्रुवारीत आठ नंबरचा उंदीर.
कापलं होतं तिथं केस उगवले होते.
चिरण्याआधी कडेनं शाईचे चार ठिपके गोंदतात,
भरलेली जखम पुढं सापडावी म्हणून.
ही खबरदारी मी अकरा वर्षं उगाच घेत आले होते.
त्या दिवशी लागली.
ठिपक्यांच्या मध्ये उभं, आडवं, तिरपं, पुन्हा उभं.
तासभर शोधलं. एक्कड?
नायनाला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

नागमणीला बोलावलं. आता एकवीस,
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला.
गळ्यावरून ओढणी घेत नाही.
पहिला प्रश्न: मला लागू होईल?
जुन्यावर नाही, म्हटलं. नव्या जखमेवर,
आणि तेही अजून उंदराच्या.
'मग चहा तरी सांगते,' म्हणाली, खिडकीतून ओरडली.

भिंगाला डोळा लावून हसली. याला कुणी गोंदवलं?
मग गप्प.
बराच वेळ गप्प, चहावर साय धरेपर्यंत.
'इथं. डावीकडच्या ठिपक्याशी.
एक धागा दोनदा खालून गेलाय.'

मी पाहिलं.
गेला होता.

वहीत लिहिलं: क्रमांक आठ. सांधा सापडला.
शोधणारी, ना. चिलका.
पर्समध्ये हात घातला, चाचपत राहिले.
पावली आता कुठंच चालत नाही.
'सुट्टे कशाला शोधताय?' ती म्हणाली,
'चहाचे दिले मी.'